पिशवीचं माहेर

मी भामा, विचुंब्याची धवलारीन. आमच्यात धवला गायल्याबिगर लगीन लागत नाय. मांडवात येनाऱ्या हरेक वस्तूचं माहेर मी गान्यात सांगते. हलद कुठली, तांदूल कुठला. मगच ती आत. आता त्या डीजेनं माजा गला पार दाबून टाकलाय, पन आमच्या गावच्या निशाच्या लग्नाला मीच होते.

करंजाड्याहून नवऱ्याची वरात आली ती बॅगपाइप वाजवत! घागरे घातलेले चार बाप्ये, काखेत फुगलेली पिशवी आनी तिला नल्या. नवऱ्याचा काका धनेश मला बोलला, "मावशी, आता धवलाबिवला ऱ्हाऊद्या. हे वाजलं की पुरे."

माजं टालकंच सरकलं. मांडवाच्या तोंडाशी फतकल मारून बसले. "आधी हिचं माहेर सांग."

"स्कॉटलंड!" धनेश बोलला.

वाजवनारा देवेश उत्तरेच्या डोंगरातला, तो चिडला. "नहीं मौसी, ये हमारे पहाड़ का है."

"खोटं!" दुबईहून आलेला आमचा निकेश बोलला. "अरबांच्या लग्नात मी सोता पायलंय."

निशाची मैत्रीन चारुता मोबाइल बघत बोलली, "रोमचा बादशहासुद्धा वाजवायचा म्हणे. मूळ कुठलं, कुणालाच नक्की माहीत नाही."

झालं! अख्खी वरात भांडाया लागली. भटजी घड्याल दाखवतोय, निशा रडकुंडीला आलेली. "काकी, सोड ना गं त्यांना!"

सोडलं तर उद्या मला लग्नाला कोन बोलावनार? अडवलं तर पोरीचा मुहूर्त जानार.

मी उठले. "जगभर नांदली, पन माहेराचा पत्ता नाय. अशा पोरीची ओटी गावानं भरायची. आना रे नारल-तांदूल!" पिशवीला कुंकू लावलं, ओटी भरली. "आजपासून हिचं माहेर विचुंबा."

बायका खो खो हसल्या. धनेश वरडला, "अवो, आमी आनलीय ती!"

"मग व्याहीबुवा, मानानं नांदवा. लेक आमची हाय."

मी धवला धरला. देवेशनं खालचा एकच सूर लावून ठेवला. माजी जोडीदारीन सोनूबाय गेल्यापासून माज्या मागं सूर धरायला कुनी नव्हतं, मी एकटीच वरडायची. आज मी दम घेतला तरी सूर तिथंच होता. मला भर मांडवात रडू फुटलं, पन गानं नाय तुटलं.

जेवनं झाल्यावर धनेश खाली मान घालून आला. "मावशी, माज्या दिपिकाचं लगीन हाय वैशाखात. तुमी आनी ही पिशवी, दोघी या."

"येऊ," मी बोलले. "पन मानाची लुगडी दोन लागतील."