भरड काढलेला वाडगा

मी एक वाडगा बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण मोठ्यानं बोललो तर आणखी तडकेन अशी मला धास्ती आहे. हसू नका. काही भांडी रुबाबात जन्माला येतात, पाहुण्यांसमोर मिरवतात. माझं सगळं आयुष्य जीव मुठीत धरून गेलं, आणि मला तर मूठही नाही.

माझा जन्म एका कार्यशाळेतला. लांबट खोली, वर पत्रा, भिंतीकडेनं चाकं, मधोमध मातीनं माखलेलं टेबल आणि मागच्या अंगणात पिंपाएवढी एक गॅसची भट्टी. भांडी घडवणारी माणसं तिथं नवीन रीत शिकायला आली होती. तिला राकू म्हणतात. नाव गोंडस आहे, पण काम भयंकर. भांडं लालबुंद तापलं की भट्टी उघडायची, लांब चिमट्यानं ते तसंच जळतं बाहेर उचलायचं आणि लाकडाच्या भुशानं भरलेल्या पिंपात सोडून वर झाकण दाबायचं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, ते लोक सहज बोलून जातात. आमच्यावर ते खरंच येतं.

मला घडवलं धाकटीनं. तिला धाकटी म्हणायचं कारण तिच्याबरोबर तिची थोरली जाऊ आली होती, आणि दोघी एकमेकींना सोडून कुठं जात नसत. घरी दोघींचा भांड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक चाक, एक भट्टी आणि या दोघी. चाक धाकटीचं, भट्टी थोरलीची. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. धाकटीनं भांडं घडवायचं, वाळवायचं आणि थोरलीच्या हाती द्यायचं. पुढचं तिनं बघायचं.

कारण धाकटीला आगीची भीती. साधीसुधी नाही हो, गाळण उडायची तिची. लग्न होऊन आली त्या वर्षीच भट्टीच्या तोंडातून जाळ बाहेर आला होता आणि थोरलीची बाही पेटली होती. थोरलीनं ती हातानंच विझवली आणि पुन्हा लाकडं सारायला लागली. धाकटी मात्र त्या दिवशी जी मागं सरली, ती पुन्हा भट्टीपाशी गेलीच नाही.

आता थोरलीची नजर अधू झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढं जाळाकडं बघायचं नाही. म्हणजे भट्टी धाकटीनं घेतली तरच ती पेटणार, आणि भट्टीच विझली तर चाक तरी कशाला फिरवायचं? थोरलीनंच मग कुठून तरी या कार्यशाळेचं ऐकलं आणि धाकटीला ओढत आणलं. एकदा लाल भांडं चिमट्यात धरलंस की भय मोडेल, असं तिचं म्हणणं होतं. धाकटी वाटेत दोनदा परत फिरायला निघाली होती म्हणे. हे सगळं मला त्या दोघींच्या बोलण्यातूनच कळलं. भांड्यांना कान नसतात असं समजून माणसं आमच्यासमोर काय वाट्टेल ते बोलतात.

आता माझ्या जन्माची चित्तरकथा सांगतो. तिथं सगळ्यांना एकच माती दिली होती. धाकटीनं ती चिमटीत घेऊन चोळली आणि तोंड वाकडं केलं. मातीत बारीक टोचरे कण होते. तिच्या माहेरी काय आणि सासरी काय, मातीत एवढासा खडा निघाला तर चाकावरच्या माणसाची लाज जायची. ही कसली माती, असं पुटपुटत तिनं आपला गोळा बादलीत भिजवला, बारीक जाळीतून गाळला आणि मातीची ती रबडी प्लास्टरच्या लादीवर सुकायला ओतली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. शिकवणाऱ्या बाई पलीकडं मातीबद्दलच सांगत होत्या, पण ही आपली बादलीपाशी. चांगल्या कारागिराची खोडच ती, माती हाताला आली की कान बंद.

दुसऱ्या दिवशी लादीवरून मला उचललं, मळलं आणि चाकावर चढवलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला फार सुख झालं. तिचे हात असे की भीती कशाशी खातात हे मी विसरलो. मी वर आलो, पसरलो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ झालो. बाकीच्यांचे वाडगे जाडजूड, खरबरीत. लोक चाकं थांबवून बघायला आले. मी फुशारलो. तेवढाच एक दिवस.

पहिली भाजणी सावकाश असते, आच हळूहळू चढते, त्यातून मी निभावलो. मग वरून चकाकीचा लेप लावायच्या वेळी बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि पुन्हा एकदा मातीची गोष्ट काढली. या मातीत भाजलेल्या मातीची भरड मुद्दाम घातलेली असते, त्या म्हणाल्या. भांडं लाल असताना एकदम गार हवेत येतं, तेव्हा ही भरडच त्याला धरून ठेवते. ती नसेल तर भांडं फुटतं, कधी कधी चिमट्यातच.

माझी पाचावर धारण बसली. धाकटीच्या हातातला कुंचला थांबला. तिच्या तळव्याला सुटलेला घाम माझ्या अंगाला लागला. खोलीत ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, की माझी हाडं तिनं जाळीवर काढून टाकली होती. नको तिथं शहाणपण म्हणतात ते हेच.

तिनं ते थोरलीला सांगितलं. थोरली आधी पोट धरून हसली. मग हसू थांबलं आणि ती म्हणाली, बाईंना सांग, लपवू नकोस, शेजारी माणसं उभी असणार आहेत. धाकटी खाली मान घालून गेली आणि सांगून आली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला उचलून टिचकी मारली, आवाज ऐकला आणि माझ्या मनातलं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“हा तडकणार,” त्या म्हणाल्या. “ज्याचं भांडं त्यानं उचलायचं असा आपला नियम आहे, पण याला मी उचलते. किंवा राहू दे याला फळीवर. तुम्हाला दुसरा वाडगा देते.”

देवा, हो म्हण, मी मनात म्हणत होतो. फळीवर मी आनंदानं जन्म काढला असता. धूळ खाईन, कोळी अंगावर जाळं विणतील, काही हरकत नाही.

धाकटीनं मला बाईंच्या हातातून परत घेतलं. मग म्हणाली, “नको. आजवर माझं प्रत्येक भांडं दुसऱ्याच्याच हातानं आगीत गेलंय. याला मी उचलीन.”

ती हे धीटपणे म्हणाली असं कुणाला वाटलं असेल तर खरं काय ते माझ्याकडून ऐका, तिनं मला इतकं घट्ट धरलं होतं की लेप निघून तिच्या बोटांना लागला.

दुपारी भट्टी लावली. बाईंनी इतरांना लांब उभं केलं. धाकटीला जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगावर कातडी एप्रन. थोरली भिंतीशी खुर्चीवर बसली होती, जाळाकडं पाठ करून, डॉक्टरांचं ऐकून.

आतलं काय सांगू! बर्नरचा आवाज सगळीकडून अंगावर येत होता. आधी मी काळा पडलो, मग तांबडा, मग असा काही उजळलो की माझं मलाच ओळखू येईना. लेप वितळून ओल्यासारखा चमकायला लागला. तीच खूण असते. बर्नर बंद झाला, झाकण वर गेलं आणि वर आभाळ दिसलं. त्या आभाळाची मला आगीपेक्षा जास्त भीती वाटली.

चिमटा आला. एकदा माझ्या काठाला लागून मागं गेला. दुसऱ्यांदा आला, मागं गेला. “गार होतंय,” बाई एवढंच म्हणाल्या. धाकटीचा श्वास मला आत ऐकू येत होता. मला वाटलं, ही आता चिमटा टाकून पळणार. पळ बाई, मी म्हटलं, तू पळ, मी इथंच बरा आहे.

तिसऱ्यांदा चिमट्यानं मला धरलं आणि मी हवेत आलो.

टण्ण! काठापासून खालपर्यंत मी चिरलो. ती चीर चिमट्यातून तिच्या मनगटापर्यंत गेली असणार, कारण तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. लांब उभी असलेली माणसं आणखी मागं सरली. मी आता सुटणार, दोन तुकडे होऊन तिच्या पायांवर पडणार असं मला वाटत होतं. पण तिनं पकड सैल केली नाही. आवळलीही नाही. तशीच चालत गेली, मला भुशात ठेवलं, भडका उठला, तिनं झाकण लावलं आणि वर दोन्ही हात दाबून उभी राहिली. धूर विरला तरी हात काढेना. शेवटी बाईंनी तिची बोटं सोडवली.

निवल्यावर मला पाण्यात धुतलं. अंगावर हिरवट चकाकी, आणि त्यातून उतरलेली काळी चीर, बुडाच्या जरा वर थांबलेली. पाणी मात्र माझ्यात कधीच टिकणार नव्हतं. धाकटीनं मला थोरलीच्या मांडीवर ठेवलं आणि जवळच जमिनीवर बसली. थोरलीला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिनं बोट फिरवलं, चिरेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

“जाऊबाई, भय काही मोडलं नाही,” धाकटी म्हणाली. “उलट वाढलंय. तुमच्यासारखं मला नाही जमायचं.”

थोरलीनं चिरेवरून बोट उचललं. मग म्हणाली, “माझ्यासारखं म्हणजे कसं? बाही पेटली त्या दिवसापासून दर भट्टीला माझे हातपाय कापायचे. मी तुझ्याकडं पाठ करून उभी राहायचे, म्हणून तुला दिसलं नाही.”

धाकटीनं मान वर केली. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर भट्टी कुणी पेटवली असती?”

धाकटीनं तिचे दोन्ही हात धरले. मी मधेच अडकलो होतो, चिरेसकट. पण त्या वेळी मी कुरकुरलो नाही.

आता मी त्यांच्या घरी, भट्टीच्या वरच्या कोनाड्यात असतो. काड्यापेटी ठेवतात माझ्यात. दर खेपेला धाकटीनं भट्टी पेटवली आणि खालून धग आली की माझी चीर दुखते आणि वाटतं, आज आपण सुटणार. उद्या पुन्हा भट्टी लागायची आहे. मघाशी धाकटी काड्यापेटी आहे ना बघायला आली आणि मोठ्यानं म्हणाली, “मला भीती वाटतेय.” बाकावरून थोरली म्हणाली, “मलाही.” आणि दोघी लाकडं रचायला लागल्या.

मी किती दिवसांचा सोबती आहे, माहीत नाही. जाता जाता एक मागणं आहे तुमच्याकडं. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याला तुम्ही सगळ्यांत धीट समजता आणि अवघड काम निर्धास्तपणे ज्याच्यावर सोपवून देता. आज जरा त्याच्याजवळ जा. तो पाठ करून उभा असेल, तर वळसा घालून समोर जा आणि त्याचे हात बघा.