मंगळवारची खुर्ची

कुणालाच ठरलेली जागा नको, ही कल्पना मुळात व्यवस्थापकाचीच. भाडं वाढलं होतं, निम्मी टेबलं रिकामी पडत होती आणि तरुण मंडळी घरून काम देणाऱ्या कंपन्यांची वाट धरत होती. त्याने सुचवलं : एक मजला सोडू, काही दिवस घरून काम करू देऊ, आणि येईल त्याने मोबाइलवर जागा धरावी. भाडं उतरलं, राजीनामे थांबले. साहेबांनी पाठ थोपटली.

मग मंगळवारी त्याच्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाहिरात विभागातली बाई दिसली. ती आठवड्यातून तेवढीच एकदा यायची. त्याने स्वतः आणलेल्या स्टुलावर पाय टेकून ती फोनवर खळखळून हसत होती. तो प्रिंटरशेजारी बसला आणि दिवसभर तिच्या पाठीकडे बघत राहिला. चारलाच काम उरकून ती निघाली, तेव्हा तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, बाकीचे दिवस तिथे तुम्हीच बसता ना?" बायको म्हणाली.

"प्रश्न मंगळवारचा आहे."

"खुर्ची कंपनीची, जळणं तेवढं तुमचं!"

जागांची व्यवस्था त्याच्याच हातात होती. दर मंगळवारी ती जागा मोबाइलवर 'दुरुस्तीसाठी बंद' दिसू लागली. आता त्यालाही तिथे बसता येईना. पण तिलाही येत नव्हतं, एवढ्यावर त्याचं पोट भरत होतं. प्रिंटरशेजारून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना त्याला गार वाटायचं.

साहेबांची फेरीही मंगळवारीच असे. एकदा ते खिडकीपाशी थांबले.

"ही जागा कधी बघावी तेव्हा रिकामी. वापर नसेल ते टेबल काढायचं, तुमचाच नियम ना?"

खरं कारण सांगायची सोय नव्हती. "हो साहेब," तो म्हणाला.

दुपारी हमाल आले. टेबल दारात अडलं, तेव्हा दार धरून त्यालाच उभं राहावं लागलं. मागून मंगळवारवाली आली, हातात त्याचं स्टूल.

"दादा, हे तुमचं ना? राहिलं होतं तिथे." तिने मोकळ्या झालेल्या खिडकीकडे पाहिलं. "बरं झालं काढलं. इतकं ऊन यायचं ना डोळ्यांवर! मी तर तिथे बसायचे तेव्हाही दुसरी जागा बघत होते."

त्याने स्टूल घेतलं. प्रिंटरशेजारच्या टेबलाखाली ते मावत नव्हतं.