काडीचं कडू पाणी

प्लेट १ : थेंब

पेट्रोल पंपाच्या मागच्या भिंतीपासून निघालेली रांग तीनदा वळून पत्र्याच्या शेडखाली संपायची. तिथे काडीबाबा बसायचे. प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. बाबा तिच्यात लाकडी काडी फिरवायचे. "चाखा."

माणूस चाखायचा, तोंड वाकडं करायचा. "कडू."

"रोग उतरला पाण्यात. अर्धं प्या, अर्धं जखमेवर. तीन दिवस. चौथ्या दिवशी आलात तर गुण जाईल. पाणी तुमचं, बाटली तुमची, माझं काय आहे यात?"

आणि जखमा सुकायच्या. मी स्वतः पाहिलं आणि माझा जळफळाट झाला. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर मी बावीस वर्षं काम करते. माझ्या मागच्या भाषणाला अकरा जण होते, त्यातले दोघे चहासाठी.

रांगेत माझी आई होती. पायाच्या अंगठ्याला मधुमेहाची जखम. दवाखान्यात चल म्हणून मी दोन महिने तिच्या मागे लागले होते.

"तुझे जंतू तुला लखलाभ," ती म्हणाली आणि तरण्या बाबांकडे बोट केलं. "हे लेकरू बघ, नुसतं बोललं तरी बरं वाटतं."

मला तिने शेवटचं लेकरू कधी म्हटलं होतं, आठवेना.

तिच्या बाटलीतलं थोडं पाणी मी गुपचूप प्रयोगशाळेत नेलं. जंतू पसरलेल्या प्लेटवर, म्हणजे काचेच्या चपट्या बशीवर, एक थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल. तिथे एकही जंतू वाढला नव्हता.

प्लेट २ : जी मी केलीच नाही

माझ्या विद्यार्थिनींना मी पहिल्याच आठवड्यात सांगते: नवं औषध सापडलंसं वाटलं, तर आधी ते जुन्या औषधांना सरावलेल्या जंतूवर टाका. जंतू जगला, तर तुमचं औषध बहुधा जुनंच.

असे जंतू माझ्या फ्रीजमध्ये कप्पे भरून आहेत. मी एकही बाहेर काढला नाही. मला त्या गोलात काडीचं अनोळखी झाड दिसत होतं, झाडावरची अनोळखी बुरशी दिसत होती, आणि त्याखाली छापलेलं माझं नाव. याला सापडलं आणि मला नाही, एवढंच डोक्यात. चार दिवस झाडांची पुस्तकं चाळली. त्या चार दिवसांत आईच्या जखमेचा नमुना घ्यायचं मला सुचलं नाही.

अंगठा काळा पडला.

प्लेट ३ : आई

तिच्या जखमेतला जंतू वाढवला, त्यावर तेच पाणी टाकलं. गोल नाही. थेंब पडला तिथेही जंतू मजेत.

मग फ्रीज उघडला, तिथल्या जंतूंवरही तेच पाणी टाकलं. अगदी असाच वागणारा एक जंतू मी दहा वर्षांपूर्वी कोंबड्यांच्या खुराड्यातून आणला होता. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या रसायनवाल्या बाईंनी पाणी त्यांच्या यंत्रात घातलं.

"अगं, हे तर कोंबड्यांना पाण्यातून देतात ते प्रतिजैविक. केवढ्या आशेने आणलं होतंस."

काडी त्याच्या दाट पाण्यात भिजवायची, वाळवायची. औषध मुळातच कडू. झाला चमत्कार. तीन दिवसांत लेचेपेचे जंतू मरतात, जखम सुकल्यासारखी दिसते. चिवट उरतात, त्यांना रान मोकळं. चौथ्या दिवशी यायची बंदी, म्हणजे चिघळलेली जखम बाबांसमोर येतच नाही.

प्लेटा घरी नेऊन आईपुढे ठेवल्या.

"हे तुला आधी कळलं असतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मला त्याचा हेवा वाटला, आई."

तिने प्लेटा बाजूला सारल्या. "कोंबड्यांचं," ती म्हणाली. "चल दवाखान्यात. वाटेत शेडपाशी थांबव."

प्लेट नाही, चमचा

"आजी, तुमचे तीन दिवस कधीच झाले," बाबा म्हणाले.

"हो, पण पाणी नवं आहे." आईने पिशवीतून स्वयंपाकघरातला चमचा काढला. "याने ढवळ, लेकरा."

"काडी सिद्ध केलेली आहे."

"रोग माझा ना? मग चमच्याला का घाबरतो?" तिने स्वतःच ढवळलं, चाखलं. "साधं लागतंय." मग पंपाच्या धडधाकट मॅनेजरला हाक मारली. "तुम्हाला काय होतंय हो?"

"मला? काही नाही."

"त्यांच्या बाटलीत काडी घाल."

रांग पुढे सरकली होती, सगळे बघत होते. बाबांनी काडी फिरवली. मॅनेजरने चाखलं आणि थुंकलं.

"कडू," तो म्हणाला. "पण मला काही झालेलंच नाही."

रांगेतून कुणीतरी हसलं. लोक आपापल्या बाटल्या उजेडात धरून बघायला लागले.

मी न केलेली तुलना आईने एका चमच्यात केली होती.

तिचा अंगठा गेला, पाय वाचला. कुणी काहीही पाजलं, तर शेजारी साधं पाणी ठेवून तपासा. डॉक्टरने दिलेलं औषध सांगितलं तितके दिवस घ्या. आणि सांगणारी माझ्यासारखी शिकलेली असली तरी विचारा, की हे कसं ठरवलंस?

आई आता रोज विचारते. पट्टी बदलताना तर हमखास.