उलटं बसलेलं बेअरिंग

ताईच्या जुन्या निळ्या गाडीनं मिस्त्रीच्या नाकी नऊ आणले होते. तीस वर्षं लोकांच्या गाड्या वठणीवर आणणारा माणूस, आणि सख्ख्या बहिणीची गाडी त्याला तीन दिवस दाद देत नव्हती.

आठ दिवसांपूर्वी ओल्या उतारावर ताईनं ब्रेक दाबला. एबीएस असलेल्या गाडीची चाकं अशा वेळी जाम होत नाहीत, स्टिअरिंग ऐकतं. हिची झाली. गाडी सरळ घसरत भिंतीवर गेली आणि शेजारी बसलेल्या भावोजींचा हात मोडला. तेव्हापासून ताईचा एकच घोषा: माझाच पाय चुकला. भावोजींची नजर अधू झाली तेव्हा त्यांना इस्पितळात न्यायला म्हणून ती बावन्नाव्या वर्षी भावाकडून गाडी शिकली होती. आता पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणत होती. आज पाच वाजता गाडी घ्यायला गिऱ्हाईक यायचं होतं. गाडी गेली की ताई घरात बसणार, तिच्यामागे भावोजीही, हे मिस्त्रीला स्पष्ट दिसत होतं. पाचच्या आत त्याला एवढंच दाखवून द्यायचं होतं की चूक पायाची नव्हती.

स्कॅनर लावून गाडी फिरवली की तीन चाकं वीसचा वेग सांगत, आणि पुढचं डावं म्हणे शून्य. चाक गरगरतंय आणि म्हणतंय मी उभाच आहे! एका चाकानं असा खोटा आकडा दिला की एबीएस बंदच पडतं. त्यानं चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला. शून्य. वायर मीटरनं तपासली, ठणठणीत होती. कनेक्टर घासूनपुसून लख्ख केला, तरी शून्यच. शेवटी वैतागून त्यानं चाकामागचा हब उतरवला आणि बेअरिंग दाबून बाहेर काढलं.

या बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकाची पट्टी असते, सेन्सर तीच वाचतो. ती आतल्या बाजूला हवी. दोन्ही तोंडं दिसायला सारखीच काळी, म्हणून मिस्त्री बसवण्याआधी लोखंडाचा कीस भुरभुरवून बघायचा. आताही त्यानं कीस टाकला. तो बाहेरच्या तोंडाला चिकटला.

बेअरिंग उलटं बसलं होतं. गेल्या वर्षी बसवलं होतं त्यानंच. परक्याच्या गाडीला कीस लावल्याशिवाय पुढे न जाणारा हा शहाणा तेव्हा म्हणाला होता, घरचंच काम आहे, उरकून टाकू. नंतर एबीएसचा पिवळा दिवा पेटतोय म्हणून ताईनं दोनदा विचारलं, तर यानं हसण्यावारी नेलं, "म्हातारी झाली गाडी, कुरकुर करणारच."

तो तिथंच जमिनीवर बसला. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. मग उठून त्यानं नवं बेअरिंग नीट बसवलं. चारही चाकं वीस सांगू लागली, दिवा विझला. जुनं बेअरिंग फडक्यात गुंडाळून, गाडी घेऊन तो पावणेपाचला ताईकडे पोहोचला.

"ताई, तुझा पाय चुकला नव्हता. हे मी उलटं बसवलं होतं. भावोजींचा हात माझ्यामुळे मोडला."

ताईनं बेअरिंगकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आठ दिवसांत ती पहिल्यांदा हसली आणि तिचे डोळे भरून आले.

"छोट्या, अजून तेच का रे? कपबश्या मी फोडायचे आणि मार तू खायचास."

"अगं, खरंच सांगतोय! कीस कुठं चिकटतो बघ ना."

"मला त्यातलं काय कळतं? तू दाखवशील ते मी बघणार."

"ऐक त्याचं," भावोजी आतून म्हणाले, "तीन दिवस राबलाय बिचारा तुझ्यासाठी."

"म्हणून तर वाईट वाटतं हो."

"ताई, तुझी शपथ!"

"खोटं बोलताना लहानपणीही माझीच शपथ घ्यायचास," ताई म्हणाली आणि तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

बेल वाजली. ताईनं डोळे पुसले, किल्ली घेऊन दार उघडलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "गाडी अगदी चांगली आहे हो. मलाच चालवता येत नाही."