काच तडकली तर

"तुटली बघा, पार दोन तुकडे!" बाईंनी इतक्या आनंदाने दार उघडलं, की पट्टीवाला उंबऱ्यातच थबकला.

भुयारी रेल्वेचं यंत्र गल्लीखालून जाणार, म्हणून घराघराच्या भेगांवर काचेच्या बारीक पट्ट्या प्लास्टरने चिकटवायच्या आणि दर मंगळवारी बघायच्या, हे त्याचं काम. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. अशा माणसाला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. या बाई मात्र चहाचं आधण ठेवूनच वाट बघत. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिलेल्या, आता निवृत्त, एकट्या. गल्लीतली बाकी अकरा घरं भरपाई घेऊन केव्हाच गेली होती. लाखो लोकांची वीस-वीस मिनिटं वाचणार, असा तक्ता ऑफिसात टांगलेला होता. बाईंशी बोलायला कोणी उरलं नाही, हे त्यात कुठे मांडणार?

त्याने मोजपट्टी लावली. भेग होती तेवढीच. काचेच्या मधोमध मात्र ठोक्याची खूण होती, आणि खाली फरशीवर बत्ता.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

बाईंनी कपबशी उगाचच सरळ केली. "तुम्हीच मागच्या वेळी म्हणालात ना, यंत्र पुढे गेलं, आता एकच मंगळवार राहिला. म्हणजे आजचाच. म्हटलं, तुटली तर रोज येतील."

"अहो, रोज कसले येताहेत? तुटली म्हणून लिहिलं तर तीन दिवसांत घर रिकामं करून सील ठोकतात!"

बाईंनी त्याच्या वहीवर हात ठेवला. "नका हो लिहू. मी जाऊ कुठे?"

त्याला राग आला होता. कुणाचा, ते त्यालाच कळेना. वहीत त्याने 'भेग वाढलेली नाही' एवढंच लिहिलं. ते खरंच होतं. मग नवी पट्टी चिकटवली.

"सुकायला किती वेळ लागेल?"

लागायची दहाच मिनिटं. "लागेल बराच," तो म्हणाला आणि खुर्चीवर टेकला.

बाई बोलत राहिल्या. एक्स्चेंजमधली भांडणं, साहेबांच्या नकला, भलतीकडेच जोडले गेलेले फोन. तिसरा चहा झाला. ऊन उतरलं तेव्हा तो उठला. 'येईन पुन्हा' हे जिभेवर आलं होतं. पण उद्यापासून ड्यूटी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं.

बाई दारात उभ्या राहून बोलतच होत्या. कुलपं लागलेल्या दारांवरून जाताना तो मागे बघून "हो, हो" म्हणत राहिला. गल्लीच्या टोकाशी त्यांचा आवाज पोचेना, नुसते ओठ हलताना दिसत होते. त्याने एकदा मोठ्याने "हो" म्हटलं आणि तो वळला.