शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे. पण तुम्ही ओळखता तो नव्हे! गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो, तो माझा थोरला भाऊ. मी शेजारच्या सीटपुढे असतो. मित्रांनो, माझी गाडी शिकाऊ लोकांची आहे. एका मेकॅनिकने लोखंडी दांडीने मला भावाशी जोडले, वर काळे रबर चढवले आणि म्हणाला, "जा, आता जीव वाचव!"

चौदा वर्षे गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा बूट माझ्यावर आहे. मास्तर पूर्वी बस चालवायचे. माझ्यामुळे एखादी टक्कर टळली की ते म्हणत, "शाब्बास रे गड्या!" एरवी माझ्यावर चिखल वाळला तरी कोणी ढुंकून पाहत नसे. मला वाटे, जितका जास्त दाबला जाईन तितका मी मोठा. हा गैरसमज शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी दूर केला.

ताईंना लायसन्सची घाई होती. यजमानांची नजर अधू झाली होती. दिवस कलला की त्यांना रस्त्यावरचा माणूसही नीट दिसत नसे. तरी गाडी तेच काढत. "तुला लायसन्स मिळू दे, किल्ली तुझ्या हातात देतो. तोवर मीच चालवणार," हे त्यांचे पालुपद. ताई जीव मुठीत धरून शेजारी बसत.

शिकायला त्या हुशार होत्या. पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवत नसत. फोन बंद करून कप्प्यात टाकत. पण दचकल्या की घोटाळा! दोन्ही पाय वर, दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट. मग मला धावावे लागे. लायसन्सच्या परीक्षेत मास्तरांच्या जागी परीक्षा घेणारे साहेब बसतात, आणि साहेबांनी मला दाबले की परीक्षा संपली. ताई दोनदा नापास झाल्या.

"असं का करता हो ताई?" मास्तर वैतागले.

ताई एकदम हसू लागल्या. "अहो मास्तर, तीस वर्षं पायमशीन चालवतेय! सुई बोटाजवळ आली की पाय उचलायचे आणि हाताने चाक धरायचं. मशीन जागच्या जागी थांबतं."

"मशीन थांबतं, गाडी नाही थांबत!" मास्तरांनी कपाळाला हात लावला.

मग उभ्या गाडीत सराव सुरू झाला. मास्तर अचानक टाळी वाजवत आणि ओरडत, "पाय!" ताईंचा पाय धाडकन ब्रेकवर! शंभरदा, दोनशेदा. माझा भाऊ पार दमला.

तिसऱ्या परीक्षेला साहेब माझ्यापुढे बसले. काय धडधड! रस्त्याकडेला एक ट्रक उभा होता. ताईंनी वेग आधीच कमी केला. तोच साहेबांचा बूट माझ्यावर टेकला. गेले सगळे!

"पाय!" ताई ओरडल्या आणि गाडी थांबली. ट्रकच्या पुढून दप्तर सावरत एक मुलगी धावत बाहेर आली आणि रस्ता ओलांडून गेली. साहेबांचा बूट माझ्यावर तसाच होता. पण त्यांनी मला तसूभरही दाबले नव्हते!

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारले.

"ट्रकखालून तिचे पाय दिसले, साहेब. म्हणून माझाही आठवला."

साहेबांनी हसून कागदावर सही केली.

बाहेर बाकावर वाट पाहत बसलेल्या यजमानांनी खिशातून घरच्या गाडीची किल्ली काढली. "घे बाई, सुटलो एकदाचा!" परतताना माझी गाडी ताईच चालवत होत्या, यजमान शेजारी, मास्तर मागे. पहिल्याच वळणावर यजमानांचा पाय हळूच माझ्याकडे आला.

"पाय मागे घ्या!" ताई समोरची नजर न हलवता म्हणाल्या. "तो ब्रेक तुमचा नाही." मास्तर मागे खो खो हसले.

त्या दिवशी मला कोणीच दाबले नाही, आणि इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. मित्रांनो, ताईंच्या घरच्या गाडीत मी नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाडी चालवाल. तुमच्या गाडीतही शेजारच्या सीटपुढची जागा रिकामी असेल. तेव्हा वेग कमी करून उभ्या ट्रकखाली जरा नजर टाका. कोणाचे तरी पाय असतील.