शिशाची कल्हई

सहदेवला घरातली कुठलीही वस्तू वाया गेलेली खपत नसे. चांदूर बाजारात भाजी विकणारा माणूस, पण फवारणी पंपाची मेलेली बॅटरीसुद्धा त्याने फेकली नाही. अंगणात फोडली आणि आतलं शिसं चुलीवर वितळवलं. आठ वर्षांची चंदा शेजारी बसून डोळे मोठे करून पाहत होती.

"बाबा, चांदी!" ती ओरडली, आणि बापाची छाती फुगली.

त्याच आठवड्यात पुंजाराम कल्हईवाला आला. त्याची बायको जयवंता मळ्यात गेली होती. सहदेवने भाजी शिजवायचं पितळेचं पातेलं, घरातला गंज, बाहेर काढला आणि चंदाच्या देखत शिशाचा तो गोळा पुढे केला.

"हे कथील नोय भाऊ," पुंजाराम म्हणाला. "शिसं हाय. खायाच्या भांड्याले चालत नाही."

"चमकते न? मंग लाव चुपचाप."

गंज आरशासारखा लखलखला. चंदाला अंबाडीची आंबट भाजी भारी आवडायची, म्हणून दर दोन दिवसांनी ती त्यातच शिजू लागली.

बारापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणारी पोर. आधी पोट धरून लोळू लागली, मग चालताना अडखळू लागली, मग शाळेतल्या बाईंचं नाव विसरली. जयवंताने दृष्ट काढली, जंताचं औषध दिलं. भाजी मात्र त्याच गंजात शिजत राहिली, पोरीला आवडते म्हणून.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. शिसं निघालं. औषधाने ते उतरेल, त्या म्हणाल्या, पण गेलेली बुद्धी परत येईलच असं नाही. मग त्यांनी भांड्यांची अन् कल्हईची चौकशी केली, आणि जयवंता भडकली.

"तो कल्हईवाला! मुडदा पडो त्याचा! माही लेक खाल्ली त्यानं!"

सहदेवने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. बोलायची वेळ हीच होती, ती त्याने दवडली. राग येतो त्याचा. पण त्याच्या जागी आपण तरी काय केलं असतं, देव जाणे.

तेवढ्यात खाटेवरून चंदा बोलली. दोन महिन्यांत तिच्या तोंडून पुरं वाक्य निघालं नव्हतं.

"त्यानं नाही, माय. बाबानं देल्लं. मी पायलं. चांदी होती."

जयवंताने डॉक्टरीणबाईंचा हात गच्च धरला. "आयकलं का बाई? माह्या पोरीले आठवलं!" हसत, रडत ती ही आनंदाची गोष्ट सांगायला नवऱ्याकडे वळली. त्याचा चेहरा तिने पाहिला, आणि मग पोर काय बोलली ते तिला कळलं.